फिरोजी शाईची सही

शाईचा रंग निवडायला माणसं रविवारी सकाळी रावेतला जमतात, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्यालाच डोकं तपासून घे म्हटलं असतं. चांगले शिकलेसवरलेले, घरी बायकामुलं असलेले लोक एका बुटक्या टेबलाभोवती बसतात आणि बाटलीला नाक लावून शाईचा वास घेतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पाहायला चिंचवडहून दोन रिक्षा बदलून मुद्दाम गेलो होतो, हेही सांगून टाकतो, कारण पुढे ज्याची टर उडवायची तो मुख्यतः मीच आहे.

मी चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपच्या क्वालिटीला आहे. दुचाकींची साइड कव्हरं आमच्याकडे रंगवली जातात आणि मोठ्या कंपनीच्या लाइनवर जाऊन गाडीला बसतात. माझं काम सांगायला सोपं आहे. एकाच कव्हरवर एका कडेला रंग गडद आणि दुसऱ्या कडेला फिका दिसला, तर त्याला आम्ही शेड म्हणतो आणि तो माल बाजूला काढतो. सव्वीस वर्षं मी हेच केलं. स्प्रे गन मारणाऱ्या ऑपरेटरांना शिव्या घातल्या, पेंट पुरवणाऱ्याला दारात उभं केलं, एका दिवाळीला तर घरच्या नव्या रंगवलेल्या भिंतीत शेड काढून रंगाऱ्याला जिन्यातून परत बोलावलं. बायको म्हणाली, भिंत काही गाडीला बसवायची नाहीये. पण माझा डोळा त्याच कामाचा झाला होता.

अशा माणसाला कंपनीने फाउंटन पेन दिलं. पंचवीस वर्षं झाली की आमच्याकडे काहीतरी देतात. आधी भिंतीवरचं घड्याळ द्यायचे, त्याआधी स्टीलचा डिनर सेट. मग एचआरला कोणी नवे साहेब आले आणि त्यांना वाटलं, पेन दिलं की माणसाचा मान राहतो. खोका पेनाच्या चौपट, त्यावर कंपनीचं नाव माझ्या नावाच्या चौपट, आणि आत शाईची जी एकुलती एक नळी होती ती वाळून खडखडीत. पंचवीस वर्षांच्या नोकरीवर इतकं नेमकं भाष्य मी तरी केलं नसतं.

पेन ड्रॉवरमध्ये पडून राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण एका सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर एक व्हिडिओ समोर आला. कोणाचा तरी हात फिरोजी शाईने इंग्रजीत काहीबाही लिहीत होता. निब वेगाने गेली तिथे रंग फिका, जिथे क्षणभर थांबली तिथे गडद. एकाच अक्षरात दोन रंग. खाली लिहिलं होतं, सुंदर शेडिंग. मी मोठ्याने हसलो. ज्या गोष्टीसाठी मी लोकांचे ओव्हरटाइम बुडवले, ती इथे पैसे मोजून विकत घेत होते. हसलो, आणि व्हिडिओ पुन्हा लावला. नंतर पुन्हा. खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं होतं, आणि आवडलं याचा राग आला होता.

रावेतच्या त्या मंडळींचा पत्ता असाच मोबाइलवरून लागला. बहुतेक सगळे आयटीतले. एकाने पेनांची गुंडाळी टेबलावर उलगडली, न्हाव्याने पेटी उघडावी तशी, आणि प्रत्येक पेनाचं कूळ सांगत बसला. निब किती सैल, किती घट्ट, जोर किती द्यायचा. यातल्या एकालाही दिवसाला चार ओळी लिहायचं काम नसणार, हे मी पैजेवर सांगतो. ते शाईची परीक्षा कशी घेतात? शाईचं नाव लिहितात. मग आणखी एकदा नाव लिहितात. मग म्हणतात, काय डेप्थ आहे.

पण माणसं वाईट नव्हती. मी फिरोजी म्हणताच त्यांनी मला छोट्या बाटल्यांतून अकरा नमुने भरून दिले, फुकट. निघताना तो गुंडाळीवाला म्हणाला, काका, एक लक्षात ठेवा, यातल्या बऱ्याचशा पाण्याला अजिबात टिकत नाहीत. मी म्हटलं, आम्ही काय पावसात उभे राहून लिहितो? सगळे हसले. मला वाटलं, छान बोललो.

घरी येऊन मी त्यांना दाखवून देणार होतो की परीक्षा कशाला म्हणतात. अकरा नमुन्यांना एक ते अकरा नंबर दिले. नावं झाकली, कारण नावं वाचून माणूस फसतो. सरोवर काय, मोर काय, पहाट काय. एकच पेन, दर वेळी धुऊन, वाळवून. एकच कागद. एकच वाक्य. सकाळी दहाच्या सुमारास उत्तरेच्या खिडकीत पाहायचं, मग ट्यूबखाली पाहायचं, कारण काही रंग उजेड बदलला की पक्ष बदलतात. सुकायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. चार रविवार यात गेले. बायको भाजी निवडता निवडता बघायची. तिने एकदा कागद हातात घेतला आणि म्हणाली, हे तीन फिरोजी नाहीतच, रामा आहेत; हा चिंतामणी; आणि हा पाच नंबर धुतल्यावर विटणाऱ्या साडीचा रंग आहे. मी तिला म्हटलं, हा साडीचा विषय नाही. ती म्हणाली, रंगाचा तर आहे? तिच्या वर्गवारीत आणि माझ्या महिनाभराच्या तपासणीत शेवटी एकाच नंबराचा फरक निघाला, पण ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

सात नंबर निवडला. पातळ रेघेत मोरचुदाच्या पाण्यासारखा, आणि जिथे शाई साचे तिथे इतका गर्द की हिरव्याची झाक यायची. बाटली मागवली. ती आली त्या दिवशी मी ऑफिसातून वेळेवर निघालो, हे माझ्या बाबतीत नोंद करण्यासारखं आहे.

आता हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला प्रेक्षक लागतो. घरी एकट्याने सही करून किती वेळ बघणार? पेन खिशाला लावून कंपनीत नेलं. आमच्या रजिस्टरचा कागद असला भिकार की त्यावर सात नंबर टिपकागदावर पडल्यासारखी पसरायची. शेडिंग नाही, काही नाही. मी खट्टू झालो. मग लक्षात आलं की एक कागद चांगला आहे. लिमिट सॅम्पलचं लेबल.

लिमिट सॅम्पल म्हणजे रंगाची हद्द ठरवणारा नमुना. चंदेरी रंग बदमाश असतो, दोन गाड्यांवर सारखा कधीच येत नाही. म्हणून एक कव्हर मुद्दाम थोडं गडद ठेवतात, त्यावर लेबल लावतात: इथपर्यंत पास, याच्यापुढे रिजेक्ट. तपासणारा माणूस माल त्याच्याशेजारी धरतो आणि ठरवतो. त्या लेबलावर आमच्या बाजूने माझी सही लागते आणि गिऱ्हाईक कंपनीच्या इंजिनिअरचीही. सही पक्क्या शाईच्या बॉलपेननेच करायची, हा नियम प्रोसिजरमध्ये आहे. प्रोसिजर मी लिहिलेली आहे.

ते लेबल गुळगुळीत, चकचकीत. शाई आत मुरत नाही, वरच बसते. त्यावर सात नंबर अशी काही उतरली की मी सही करून क्षणभर श्वास रोखला. माझ्या सहीला शेवटी एक गिरकी आहे. त्या गिरकीत रंग आकाशासारखा सुरू झाला आणि ठिपक्याशी येईपर्यंत गर्द होऊन थांबला. चार जण बघून गेले. एक फोरमन म्हणाला, सर, ही तर फोटो काढून ठेवायची सही आहे. गिऱ्हाईकाचा इंजिनिअर त्या आठवड्यात येणार होता, तो आला नाही. फोनवर हो म्हणाला. त्याची सही नंतर घेऊ म्हटलं, आणि ती नंतर कधी घेतलीच नाही.

रंगवलेला माल जिथे तपासतात त्या बूथवर एक बाई होती. बाई म्हणायचं, पण तिशीही नसेल. दिघीला राहायची, सकाळी सहाच्या आत कंपनीची बस पकडायची. चार वर्षं कंत्राटावर होती. डोळा असा की यंत्रात न दिसलेली शेड तिला दिसायची; यंत्र चुकलंय हे दोनदा तिनेच दाखवून दिलं होतं. तिला पर्मनंट करा, अशी शिफारस मी स्वतः लिहिली होती, आणि पत्र पुढच्या महिन्यात निघणार होतं. तिच्या घरात पर्मनंट नोकरीचं ते पहिलं पत्र असणार होतं. बूथवरच्या सगळ्यांना हे माहीत होतं. ती त्याबद्दल बोलायची नाही, फक्त शिफारस गेल्यापासून तिने एकही सुट्टी घेतली नाही.

मी सही केली आणि ती नेहमीप्रमाणे वरून पारदर्शक टेप लावायला आली. प्रत्येक लेबलाला लावतात, कारण शिफ्ट सुरू होताना सगळे नमुने ओल्या फडक्याने पुसायचे असतात. बोटांचे ठसे राहिले तर रंग वेगळा दिसतो. मी तिला थांबवलं. म्हटलं, टेप नको, टेपखाली शेडिंग दिसत नाही.

ती म्हणाली, "सर, पुसताना जाईल."

"नाही जाणार. इंपोर्टेड आहे," मी म्हणालो.

हे वाक्य मी उच्चारलं. ज्या माणसाने इंपोर्टेड पेंटचे डबेच्या डबे तपासून परत पाठवले, त्याने. तिने टेप खिशात ठेवली आणि पुढच्या मालाकडे वळली.

दोनतीन दिवसांनी तिने मला सांगितलं की लेबल पुसट व्हायला लागलंय, परत करून द्या. मी म्हटलं, करतो. माझ्या डोक्यात तेव्हा आठ नंबर पुन्हा तपासून पाहावा की काय, हे चाललं होतं. महिन्याअखेरीला लिमिट सॅम्पल तपासल्याची टिक करायची असते, ती मी टेबलाशी बसून केली.

मग एका मंगळवारी गिऱ्हाईकाच्या लाइनवर आमची कव्हरं पेट्रोलच्या टाकीशेजारी गडद दिसली आणि लाइन थांबली. लाइन थांबणे म्हणजे काय, हे चाकणमधल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. दुपारपर्यंत त्यांचा इंजिनिअर आणि आणखी दोघे आमच्या बूथसमोर उभे होते. फोनवर हो म्हणणारा इंजिनिअर बदलून गेला होता, हा नवा. आमचे प्लांट हेड होते, मी होतो, ती होती. प्लांट हेडनी परत आलेलं कव्हर लिमिट सॅम्पलशेजारी धरलं. दोन्ही एकसारखी. म्हणजे तिने सांगितलेलंच काम केलं होतं. मग त्यांनी सॅम्पल उलटसुलट केलं. लेबलावर सहीचं एक अक्षरही नव्हतं. एका कोपऱ्यात निळसर ओघळ होता, कोणी ओलं बोट फिरवल्यासारखा.

"याच्यावर सही कुठंय?" प्लांट हेडनी विचारलं.

ती माझ्याकडे बघत होती. तिने माझं नाव घेतलं नाही, हे मला आजही नीट पेलत नाही. तिला वाटलं असणार की घ्यायची गरजच नाही, मी उभाच आहे. ती एवढंच म्हणाली की लिमिट हीच आहे, पहिल्यापासून हीच होती.

इथे मी बोलायला हवं होतं. सही माझी होती, इतके तीनच शब्द. नोकरी जाण्याची भीती नव्हती. माझ्या वयाच्या माणसाला मेमो देतात, घरी पाठवत नाहीत. भीती वेगळीच होती. पुढचा प्रश्न आला असता, मग गेली कुठे? आणि मला सांगावं लागलं असतं की फिरोजी शाई होती साहेब, शेडिंगवाली, टेपखाली चांगली दिसत नव्हती. तिघे बाहेरचे हसले असते. आमचे हसले असते. सव्वीस वर्षं मी ज्यांना ज्यांना हसलो ते सगळे, स्प्रे गनवाल्यापासून रावेतच्या गुंडाळीवाल्यापर्यंत, माझ्या डोळ्यांसमोर रांगेत उभे राहिले. दुसऱ्याला हसून पोट भरणाऱ्या माणसाला स्वतःवरचं हसणं एक घासही गिळता येत नाही, हे मला त्या जागी कळलं.

"रेकॉर्ड बघून सांगतो," मी म्हणालो.

सही नसलेला नमुना म्हणजे नमुनाच नाही, हे आमच्याकडे भिंतीवर लिहिलेलं आहे. मग माल पास कोणी केला? जिच्या हातात होता तिने. कंत्राटदाराला बोलावलं. तो चाकणच्याच जुन्या घरातला, कंपनीची निम्मी जमीन एकेकाळी त्यांची होती. तो प्लांट हेडसमोर खुर्चीत बसला आणि वर्दीच्या शर्टांबद्दल बोलावं तसं बोलला. "त्येचं काय घिऊन बसलाय साहेब? ही न्हाई तर दुसरी दितो." मी शेजारच्याच खुर्चीत होतो. चहाही घेतला. संध्याकाळच्या बसच्या आधी तिचं गेटचं कार्ड बंद झालं होतं, आणि एचआरमधलं ते पत्र कोणी फाडलं की नुसतंच दुसऱ्या फायलीत घातलं, मला माहीत नाही.

घरी गेल्यावर मी निघताना खिशात टाकलेलं एक कोरं लेबल काढलं, सात नंबरने सही केली, चांगली सुकू दिली आणि ओला अंगठा फिरवला. एका फटक्यात साफ. बेसिनमध्ये हात धुताना आठवलं की आमच्याकडे रंगवलेला प्रत्येक नवा पार्ट पाण्यात बुडवून ठेवतात, रंग धरतो की नाही ते पाहायला. ती टेस्ट सुरू करण्यासाठी मी मॅनेजमेंटशी भांडलो होतो. आणि अकरा शाया चार रविवार तपासताना मी एकीवरही पाण्याचा थेंब टाकला नव्हता, कारण मला टिकाऊपणा नको होता, मला सुंदर दिसायचं होतं. बायकोने विचारलं, काय झालं? मी सगळं सांगितलं. तिने काही सुनावलं नाही. म्हणाली, मग सकाळी लवकर निघा.

सकाळी प्लांट हेड गाडीतून उतरले तेव्हा मी पार्किंगमध्येच उभा होतो. सांगितलं. सही माझी, दुसरी सही न घेता सॅम्पल लावलं ते मी, टेप नको म्हणालो ते मी, लेबल पुसट झाल्याचं तिने सांगितलं होतं तरी टाळलं ते मी. ते आधी नीट समजेचनात. "शाई?" म्हणाले. मग हसायला लागले. दाराशी आलेल्या दोघांना बोलावून त्यांनी ते ऐकवलं, तेही हसले. एक जण माझ्या खिशातल्या पेनाकडे बोट दाखवून काहीतरी बोलला. मी उभा होतो. ज्या हसण्याला घाबरून मी आदल्या दिवशी गप्प बसलो, ते इतक्यात संपलंसुद्धा. चहा गार व्हायलाही याहून जास्त वेळ लागतो.

मला मेमो मिळाला. तो योग्यच होता, त्यात शब्दांच्या चुका होत्या तरी. प्लांट हेड मनाने वाईट माणूस नाही. हसून झाल्यावर म्हणाले, तिला बोलावून घ्या, कार्ड चालू करतो, पत्राचंही बघतो. हे सगळं सकाळी नऊच्या आत झालं. मी लगेच कॅन्टीनमागे जाऊन तिला फोन लावला.

तिने उचलला. मागे मिक्सर चालू होता, तो बंद झाला. मी एका दमात सांगितलं की सगळं मिटलं, मी सगळं खरं सांगितलंय, तुझी काहीच चूक नव्हती असं साहेबांनी मान्य केलंय, उद्यापासून ये, पत्रही निघेल. शाईचंसुद्धा सांगितलं. मला वाटत होतं ती रडेल, किंवा आभार मानेल. आपण उशिरा का होईना योग्य केलं की समोरच्याने लगेच पावती द्यावी, असं मनातून वाटतंच.

मग तिने विचारलं, आवाज न चढवता, एखादा पार्ट हातात घेऊन बघावा तसं.

"सर, काल तुम्ही तिथंच उभे होता ना?"

मी हो म्हणालो. तिने बरं म्हटलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तिची बस दिघीहून आली, त्यातून ती उतरली नाही. त्यानंतरही नाही.